सालींच्या अर्कातली चांदी रात्रीत तळाशी का बसते?

भाजीच्या सालींपासून चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, बनवायचा प्रयोग. संध्याकाळी तो मनासारखा झालेला असतो. भाजीच्या सालींचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात घातला, तासाभरात द्रावण फिकट पिवळं झालं, मग मधासारखं तपकिरी. सकाळी येऊन बघावं तर वरचं पाणी जवळजवळ नितळ आणि बाटलीच्या तळाशी करडा-काळा गाळ. हलवलं की क्षणभर गढूळ होतं, पुन्हा खाली बसतं. मग पुढच्या वेळी अर्क वाढवून बघायचा, तापमान वाढवून बघायचं. एकदा जमतं, दोनदा बिघडतं, आणि जमलं तेव्हा का जमलं तेही कळत नाही.

प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर प्रयोगशाळेत काम करताना ही तक्रार मी दर सत्रात ऐकते. गाळ कशाचा आहे हे न बघताच कृती बदलली जाते, आणि महिने त्यातच जातात. तळाशी बसलेली ती काळपट वस्तू तीनपैकी एक असू शकते: सिल्व्हर क्लोराइड, सिल्व्हर ऑक्साइड किंवा गुठळ्या झालेली खरी चांदी. तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर गाळ वाढतोच. माझ्या अनुभवात पहिला संशय क्लोराइडवर घ्यावा.

गाळ केव्हा आला?

ही ओळख निम्मी घड्याळावर होते, म्हणून मिसळतानाच भांड्याकडे नीट बघा. मागे काळा कागद धरा. अर्क पडताक्षणी, गरम करण्याच्याही आधी, द्रावणात निळसर पांढरी दुधट झाक आली तर ते क्लोराइड. नॅनोकण इतक्या घाईने आणि पांढरे तयार होत नाहीत. ही झाक उजेडात हळूहळू जांभळट-करडी होते आणि वर खऱ्या चांदीचा तपकिरी रंग चढला की दिसेनाशी होते. म्हणूनच संध्याकाळच्या फोटोत सगळं छान दिसतं.

अल्कली घालताना थेंब पडला त्या जागी तपकिरी-काळे ढग उठले तर ते ऑक्साइड. आणि मिसळताना काहीच दुधट दिसलं नाही, रंग स्वच्छ पिवळा आला, पण काही तासांनी तो करडेपणाकडे झुकला, तर कण तयार झाले होते आणि नंतर एकमेकांना चिकटले.

तो क्षण हुकला असेल तर गाळ सेंट्रिफ्यूज करा, निर्आयनीकृत पाण्याने दोनदा धुवा आणि दोन परीक्षानळ्यांत वाटा. पहिल्या नळीत थंड, विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब घाला. ऑक्साइड लगेच विरघळतं, क्लोराइड ढिम्म राहतं, धातूरूप चांदी सावकाश विरघळते. दुसऱ्या नळीत विरल अमोनिया घाला. क्लोराइड विरघळेल, पण ऑक्साइडही विरघळतं, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. त्याच नळीत विरल नायट्रिक आम्ल थेंबथेंब घालून द्रावण आम्लधर्मी करा. पांढरा गढूळपणा परत आला तर क्लोराइडच. उजेडात काळवंडलेलं क्लोराइड पूर्ण विरघळत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर चांदी सुटलेली असते. थोडा काळा अवशेष राहिला तरी गोंधळू नका, पांढरं परत येतं का तेवढं बघा.

इथे एक सक्त सूचना. चांदी आणि अमोनिया यांचं मिश्रण कधीही ठेवून देऊ नका. त्यातून कालांतराने स्फोटक काळा पदार्थ तयार होतो. चाचणी झाली की त्याच मिनिटाला आम्लधर्मी करा. चष्मा आणि हातमोजे घालून, धूरकपाटात.

तीन आठवडे खाऊन गेलेलं मीठ

एका गटाने बटाट्याच्या साली कँटीनमधून आणल्या होत्या. तीन आठवडे दर बॅचला गाळ. सिल्व्हर नायट्रेटची बाटली बदलली, गाळणकागद बदलला, तापमानाची मालिका केली. शेवटी मी अर्काचे चार थेंब काचपट्टीवर घेतले, त्यात विरल नायट्रिक आम्लाचा एक थेंब टाकला आणि मग सिल्व्हर नायट्रेटचा एक. थेंब पडला तिथे दह्याच्या कवडीसारखी पांढरी गुठळी धरली. साली उकडलेल्या बटाट्यांच्या होत्या, आणि बटाटे मीठ घालून उकडलेले होते. साली आणल्या कुठून हे वहीत लिहिलेलं होतं. त्या कच्च्या की शिजलेल्या, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

मिठाचं प्रमाण किती कमी पुरतं बघा. नेहमीची कृती म्हणजे १० मिलि अर्क आणि १ मिलिमोलरचं ९० मिलि सिल्व्हर नायट्रेट. मिश्रणात चांदी ०.९ मिलिमोलर होते. ती सगळी क्लोराइडने गिळायला अर्कात ९ मिलिमोलर क्लोराइड असलं की झालं, म्हणजे १०० मिलि अर्कात साधारण ५३ मिलिग्रॅम मीठ. चिमूटभर मीठ याच्या कितीतरी पट भरतं. आणि क्लोराइडचा अवक्षेप सुरू व्हायला तर याहून फारच कमी लागतं. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार (तो जितका लहान, तितका पदार्थ पाण्यात कमी विरघळतो) १.८ × १०⁻¹⁰ आहे, म्हणजे १ मिलिमोलर चांदीसमोर लिटरमागे काही मायक्रोग्रॅम क्लोराइडसुद्धा पुरतं.

नळाच्या पाण्याचंही यावरून समजून घ्या. लिटरला ३५.५ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे बरोबर १ मिलिमोलर. पिण्याच्या पाण्यात एवढं असणं मुळीच नवलाचं नाही. म्हणून सालींचं शेवटचं धुणं, भांड्यांचं शेवटचं विसळणं आणि अर्काचं पाणी, तिन्हीकडे निर्आयनीकृत किंवा ऊर्ध्वपातित पाणीच हवं. कॅनवर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, त्या पाण्यालाही सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब दाखवा.

क्लोराइड शिरण्याच्या काही वाटा तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतात. पीएच कमी करायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं जातं. त्याऐवजी विरल नायट्रिक आम्ल घ्या. पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण भरलेलं असतं आणि ते झिरपत राहतं. तो इलेक्ट्रोड अभिक्रियेच्या भांड्यात बुडवून तासभर ठेवणारे मी पाहिले आहेत. थोडं द्रावण वेगळं काढा, त्यात मोजा आणि टाकून द्या. कणांची प्रतिजैविक चाचणी करायची म्हणून ते सलाइनमध्ये किंवा मीठ असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये (पीबीएस) धुतले, तर तिथेही हेच होणार.

आता उपाय. साली कच्च्या घ्या, स्वयंपाकाला मीठ लागण्याआधी वेगळ्या काढलेल्या. चिरण्याआधी निर्आयनीकृत पाण्याने तीनदा धुवा आणि तिसऱ्या धुण्याला थेंबाची परीक्षा लावा. एवढं करूनही अर्क थोडी झाक देईलच, कारण क्लोराइड वनस्पतीच्या ऊतींत मुळातच असतं. सेलेरी, बीट आणि पालेभाज्यांत ते जास्त. पालकात भर म्हणून ऑक्झलेटही असतं आणि सिल्व्हर ऑक्झलेट हाही पांढरा, न विरघळणारा पदार्थ आहे, शिवाय वाळवून तापवला तर स्फोटक. पहिल्या प्रयोगाला पालक घेऊ नका. कांद्याची कोरडी बाहेरची टरफलं घ्या: क्वेर्सेटिनने समृद्ध, स्टार्च जवळजवळ नाही, आणि वाळवून महिनोन्महिने टिकतात.

अर्क बदलणं शक्य नसेल तर त्यातलं क्लोराइड आधीच बाहेर काढता येतं. थंड अर्कात, अंधारात, सिल्व्हर नायट्रेटचं थोडंसं द्रावण घाला, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पांढरा गाळ सेंट्रिफ्यूजने काढा आणि वरचा नितळ अर्क लगेच वापरा. थंड आणि किंचित आम्लधर्मी अर्कात क्षपण, म्हणजे चांदीच्या आयनांचं धातूत रूपांतर, मंद असतं, क्लोराइडचा अवक्षेप मात्र तत्काळ येतो. या वेगातल्या फरकावरच ही युक्ती चालते.

आणि एवढ्यानेही क्लोराइड राहिलंच, तर अहवालात तसं लिहा. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचं संमिश्र हा दृश्य प्रकाशात चालणारा प्रकाश-उत्प्रेरक म्हणून स्वतंत्रपणे अभ्यासला जाणारा पदार्थ आहे. त्यात कमीपणा नाही. कमीपणा त्याला शुद्ध चांदी म्हणण्यात आहे. क्ष-किरण विवर्तनात (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची पद्धत) तांब्याच्या किरणांनी चांदीची शिखरं सुमारे ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांवर येतात. आलेखात २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांवरही शिखरं दिसली तर ती क्लोराइडची. अर्कातल्या सेंद्रिय पदार्थांची म्हणून ती बाजूला सारलेली मी बरेचदा वाचली आहेत. सेंद्रिय अवशेष अशी टोकदार, जागच्या जागी येणारी शिखरं सहसा देत नाही.

पीएच चढवताना

फिनॉलवर्गीय संयुगांचा हायड्रोजन सुटला की ती चांदीचं क्षपण जोमाने करतात, म्हणून किंचित अल्कधर्मी माध्यमात रंग लवकर येतो. बहुतेक साली ५ ते ६ पीएचचा अर्क देतात. तो ८ च्या आसपास नेला की फरक दिसतो. पण अल्कली चांदीच्या द्रावणात घालू नका. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब अर्कात घाला, ढवळा, पीएच स्थिरावू द्या आणि मगच तो अर्क चांदीत सोडा. उलट क्रमाने केलं तर थेंबाभोवती पीएच क्षणात चढतो आणि ऑक्साइड पडतं. सोडियम कार्बोनेट वापरू नका, सिल्व्हर कार्बोनेटचा पिवळट गाळ येतो. फॉस्फेट बफरही नको, त्याचाही गाळ पिवळाच, आणि पिवळा रंग बघून आपण उगाच खूश होतो.

रंगावरून आठवलं. अर्क एकटाच, चांदीशिवाय, त्याच पीएचला आणि त्याच तापमानाला तेवढाच वेळ ठेवला आहे का? कांद्याच्या टरफलांचा अर्क अल्कलीत आपोआप गडद पिवळा-तपकिरी होतो. लाल कोबीचा निळा-हिरवा होतो. बिटाचा रंग तापवल्यावर तपकिरीकडे जातो. यातलं काहीच नॅनोकणांची खूण नव्हे. प्रत्येक बॅचबरोबर दोन बाटल्या जास्तीच्या लावा: एकीत फक्त अर्क आणि पाणी, दुसरीत फक्त सिल्व्हर नायट्रेट आणि पाणी. दुसरी बाटली उजेडात रंगली तर तुमच्या पाण्यात किंवा काचेवर घाण आहे. या दोन बाटल्यांविना मी कुणाचाही रंग मान्य करत नाही.

खरी चांदीच गुठळ्या धरत असेल तर

१८५७ साली मायकेल फॅरेडेने सोन्याच्या माणिकरंगी द्रावणात मीठ घातलं आणि ते निळं झालं. सोन्याचे कण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर ठेवतात. मिठाच्या आयनांनी तो भार झाकला जातो आणि कण जवळ येतात. सालींच्या अर्कातही हेच घडतं, फक्त मीठ आपण घालत नाही, भाजी घालते. बटाट्याच्या सालीत पोटॅशियम भरपूर असतं. अर्क जितका दाट, तितके आयन जास्त, म्हणजे अर्क वाढवला की कणांना वेगळं ठेवणारं अर्कातल्या रेणूंचं आवरण वाढतं आणि गुठळ्या करणारे क्षारही वाढतात. अर्क वाढवूनही कधी सुधारतं, कधी बिघडतं, त्याचं मूळ यात आहे.

प्रमाण अंदाजाने ठरवू नका. छोट्या कुप्या घ्या, चांदी तेवढीच ठेवा आणि अर्क २.५, ५, १० आणि २० टक्के अशी मालिका लावा. एकूण आकारमान पाण्याने सारखं करा. दुसऱ्या दिवशी सकाळी कुप्या न हलवता आडव्या करून तळ बघा. मालिकेत बहुधा मधली एखादी कुपी स्वच्छ असते आणि दोन्ही टोकांना गाळ दिसतो. अर्क फार कमी तिथे आवरण पुरत नाही, फार जास्त तिथे क्षार आणि लांब रेणूंचे पूल कणांना बांधतात. ती मधली कुपी तुमच्या सालीचं प्रमाण. दुसऱ्याच्या शोधनिबंधातलं १:९ हे त्यांच्या सालीचं होतं.

कण तयार झाले की ते दिवसचे दिवस त्याच खारट अर्कात ठेवू नका. रंग स्थिरावला की सेंट्रिफ्यूज करून धुवा किंवा डायलिसिस पिशवीत घालून निर्आयनीकृत पाण्यात ठेवा. सेंट्रिफ्यूज बेतानेच फिरवा. खूप वेगाने खूप वेळ फिरवलं तर तळाची गोळी इतकी घट्ट बसते की पुन्हा पसरतच नाही, आणि दोष मात्र अर्कावर जातो. साठवण गडद बाटलीत, ४ अंश सेल्सियसला.

भांडी हा वेगळा विषय नाही, याच गुठळ्यांचा भाग आहे. आधीच्या बॅचची अदृश्य चांदी काचेला चिकटलेली असते आणि नवे कण तिच्यावरच वाढत मोठे होतात. १० टक्के नायट्रिक आम्लात भिजवा आणि निर्आयनीकृत पाण्याने भरपूर विसळा. घरातलं किंवा कँटीनचं कोणतंही भांडं या कामाला आणू नका, आणि आणलंच तर परत स्वयंपाकात नेऊ नका.

साल रोज तीच नसते

एवढं सगळं सुधारूनही एक बॅच जमते आणि पुढची नाही, तर अर्क सारखा नाही. सोललेली बटाट्याची साल हवेत काही मिनिटांत तपकिरी होते ती उगाच नाही. पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) फिनॉल खाऊन टाकतं. तुम्हाला क्षपणासाठी हवं असलेलं क्लोरोजेनिक आम्ल त्यातच जातं. दुपारी सोललेल्या साली संध्याकाळी वापरल्या की अर्क अर्धा खर्च होऊन आलेला असतो. साली सोलल्या सोलल्या उकळीच्या जवळ असलेल्या पाण्यात टाका, म्हणजे विकर निष्क्रिय होतं. गार पाण्यात टाकून सावकाश तापवत नेलं तर मधल्या कोमट टप्प्यात विकराला मोकळं रान मिळतं.

पण फार वेळ उकळूही नका. बटाट्याचं स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशांपासून फुगायला लागतं आणि अर्धा तास उकळलं की अर्क खळीसारखा होतो. ८० ते ९० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. गाळणकागदावर भिस्त ठेवू नका. व्हॉटमन १ क्रमांकाच्या कागदातून सुमारे ११ मायक्रोमीटरखालचं सगळं पार होतं. स्टार्चचे आणि प्रथिनांचे बारीक पुंजके त्यातून सहज जातात आणि लेझर पॉइंटरच्या प्रकाशात नॅनोकणांसारखीच रेघ दाखवतात. कागदानंतर सेंट्रिफ्यूज हवंच.

अर्क दोन बॅचना सारखा आहे हे मोजून बघता येतं. १० मिलि अर्क वाळवून कोरडं वजन घ्या, पीएच लिहा, विद्युतवाहकता लिहा. सोय असेल तर फोलिन-सिओकॅल्टो पद्धतीने एकूण फिनॉल काढा, ७६५ नॅनोमीटरला. तोच अर्क आठवडाभर पुरवायचा असेल तर पहिल्याच दिवशी छोट्या कुप्यांत भरून गोठवा आणि दरवेळी एकच कुपी उघडा. फ्रिजमध्ये नुसता ठेवलेला अर्क दोन-तीन दिवसांपलीकडे वापरू नका. बुरशी दिसायच्या आधीच तो बदललेला असतो.

दृश्य-अतिनील वर्णपट घेताना चांदीचं शिखर बहुधा ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान येतं. ते सपाट डोक्याचं आलं तर द्रावण दाट आहे, पाच-दहा पट विरल करा. कोरा संदर्भ म्हणून पाणी नको, तेवढाच विरल केलेला अर्क घ्या, नाहीतर क्वेर्सेटिनचं ३७० नॅनोमीटरच्या आसपासचं शोषण चांदीच्या उतारात मिसळतं. गुठळ्यांची चाहूल डोळ्यांआधी इथे लागते: शिखर बसकं होतं, लांब तरंगलांबीकडे सरकतं आणि ५०० ते ६०० नॅनोमीटरच्या भागात खांदा उचलला जातो. तासातासाने घेतलेले तीन वर्णपट सकाळच्या गाळाची बातमी आदल्या संध्याकाळीच देतात.

बिघडलेल्या बॅचेस बेसिनमध्ये ओतू नका. प्रक्रिया भाजीच्या सालींची असली तरी चांदी पाण्यातल्या जिवांना विषारीच असते. एक बाटली ठेवा, तिच्यात सगळं जमा करा, शेवटी मीठ घालून चांदी क्लोराइडच्या रूपात खाली पाडा आणि तो गाळ रासायनिक कचऱ्यात द्या. अमोनियाच्या चाचणीचं द्रावण आम्लधर्मी केल्याशिवाय या बाटलीत जाता कामा नये.

हे सगळं करूनही गाळ येत असेल आणि कुणाला विचारायचं असेल, तर एवढं हाताशी ठेवा: साल कच्ची की शिजलेली, अर्काचा पीएच, पाण्याला आणि अर्काला लावलेल्या थेंबाच्या परीक्षेचा निकाल, दोन्ही जादा बाटल्यांचा रंग, आणि त्याच कुपीचे तीन फोटो. मिसळल्यावर लगेच काळ्या कागदासमोर, तासाभराने पांढऱ्या कागदासमोर, आणि सकाळी, हलवण्याआधी.